पदराखालचे मणी: मेतकुटाच्या बरणीतून घाटनांदूरला

मे महिन्यात शहाणी माणसं महाबळेश्वरला जातात, गेला बाजार कोकणात तरी जातात. मी बीड जिल्ह्यात गेले, तेही दुष्काळात आणि तेही मेतकुटाच्या बरणीत सोनं लपवून. ज्यांना धबधब्यांचे फोटो हवे आहेत त्यांनी हे पान इथेच बंद करावं. ज्यांच्या घरात आजीचा एखादा दागिना आहे आणि त्यावरून दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं. अशी घरं भरपूर आहेत, हे मला आता कळलंय.

सुरुवात शकूमावशीच्या फोननं झाली. शकूमावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. घाटनांदूरजवळच्या एका गावात राहते आणि तिथल्या महिला दूध संस्थेची चेअरमन आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण गाव माझा ब्लॉग वाचतं असं मावशीनं धमकावून सांगितलंय. ती आणि आई वीसेक वर्षं एकमेकींशी बोललेल्या नाहीत. त्यामुळे फोन मला आला.

"मंजे, पूजाचं लगीन हाय. तुला बोलावणं हाय. तुझ्या आईला न्हाई."

"मावशी, असं कसं गं?"

"आसंच. आक्काला यायचं आसंल तर तिच्या वाट्याची बोरमाळ घेऊन तू आदी ये. माझ्या डोळ्यांदेखत कसाला लागू दे. पितळ निघालं, तर मी सोता पुण्याला येते आन् पाय धरून तिला नेते. सोनं निघालं, तर तिला म्हणावं, तितंच ऱ्हा."

ही बोरमाळ माझ्या आजीची. बोराएवढे बेचाळीस मणी, आत लाख आणि वरून सोन्याचा पत्रा. आजी गेल्यावर तिच्या भावानं, म्हणजे आईच्या मामानं, दोघी बहिणींत माळेची वाटणी केली. मोजून एकवीस-एकवीस. पुढे मावशीच्या गावात बायकांची दूध संस्था निघाली, प्रत्येकीनं भागभांडवल घालायचं ठरलं, म्हणून मावशी आपले मणी घेऊन अंबाजोगाईला सोनाराकडे गेली. सोबत संस्थेच्या पाच बायका. सोनारानं एक मणी दगडावर घासला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "बाई, पितळ हाय." मावशीनं त्याच संध्याकाळी आईला फोन लावून चोर म्हटलं. आई म्हणाली, तुझ्या सासरच्यांनीच बदलले असतील. संवाद संपला.

आई मात्र तिची एकवीस मण्यांची माळ प्रत्येक हळदीकुंकवाला घालायची आणि कुणी बघितलं की "आमच्या आईची आहे, बावनकशी" असं न विचारता सांगायची. तिनं ती कधी कुठल्या सोनाराला दाखवली नव्हती. मला वाटायचं, विश्वास आहे म्हणून.

मी मावशीचा निरोप सांगितला तेव्हा आई कडाडेल, अशी माझी पूर्ण तयारी होती. पण ती उठली, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असल्यामुळे हळूहळू कपाटापाशी गेली आणि माळ आणून माझ्या हातात ठेवली. "नुसती दाखवून आण," म्हणाली. "मशीनवर-बिशीनवर घालत बसू नकोस." मग स्वतःच मेतकुटाची बरणी आणली, माळ आत पुरली आणि वर चमचा खोचला. माझी आई एवढी गप्प, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

पहिला दिवस

पुण्याहून अंबाजोगाईची सकाळची एसटी पकडा. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे सोबतच्या नवऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. नगर मागे पडलं की हिरवा रंग हळूहळू संपत जातो आणि बीड येईपर्यंत तो फक्त पक्षांच्या फलकांवर उरतो. पाणी पुण्यातूनच भरून न्या. मी दोन बाटल्या नेल्या होत्या, त्यातली एक शेजारच्या बाईंच्या नातवानं संपवली आणि दुसरी शेजारच्या बाईंनी.

बीडनंतर नेकनूरला बस चहाला थांबली. चहा दहा रुपये, गोड इतका की डॉक्टरला विचारून प्यावा. घरांसमोर निळे ड्रम रांगेत लावलेले. टपरीवर दोघे जण पाय पसरून बसले होते.

"टँकर आलता का बे?"

"आलता. गेला बी."

"मंग तू कावून न्हाई भरलं?"

"भरलं की. ड्रमला भोक हाय माझ्या. वरून मी भरतो, खालून शेजारी."

"मंग भोक बुजव की."

"आन् शेजाऱ्यानं काय प्यावं बे?"

कंडक्टरनं घंटी वाजवली, मी बसमध्ये चढले आणि मांडीवरच्या पिशवीतली बरणी चाचपली. बाजूच्या बाईंनी विचारलं, "लोणचं हाय का?" मी म्हटलं, मेतकूट. त्यांनी हात पुढे केला. चमचाभर मेतकूट देताना माझा जीव बरणीच्या तळाशी अडकला होता, पण मणी काही वर आले नाहीत.

केजच्या पुढे एका पुलावरून गेलो. खाली नदीच्या पात्रात क्रिकेट चालू होतं आणि फलंदाज चेंडू पुलाच्या खांबावर मारत होता. अंबाजोगाईला पोचायला संध्याकाळ झाली. लॉज सातशे रुपये, स्वच्छ. बाथरूमच्या दारावर पाटी: "एका माणसाला एक बादली. भांडू नये." जेवण एकशेवीस रुपयांत शेंगदाण्याची आमटी, ज्वारीची भाकरी, ठेचा आणि कांदा हवा तेवढा. त्या आमटीसाठी मी परत जाईन, हे आत्ताच सांगून ठेवते.

दुसरा दिवस, सकाळ

योगेश्वरीचं दर्शन लवकर उरकलं. मग खरं म्हणजे मी सरळ घाटनांदूरची गाडी धरायला हवी होती. पण मला वाटलं, मावशीसमोर निकाल लागण्याआधी आपल्याला तरी माहीत असावा. शाळेत असताना मी निकालाच्या आदल्या दिवशी मास्तरांच्या घराभोवती घिरट्या घालायचे. स्वभाव तोच आहे.

मोठ्या सराफी दुकानात कॅरेट मोजायचं मशीन असतं. शंभर रुपये घेतात. मशीनवरच्या मुलीनं माळ घेतली, नाकाजवळ नेली आणि सटासट तीन शिंका दिल्या.

"ताई, ह्याला मेतकुटाचा वास येतोय."

"सेफ्टी आहे," मी म्हटलं.

वाचकांसाठी थोडं ज्ञान, जे मी त्या मुलीकडून शिंकांच्या मधल्या वेळात घेतलं. चोवीस कॅरेट म्हणजे निव्वळ सोनं. ते इतकं मऊ की दागिना टिकत नाही, म्हणून त्यात तांबं किंवा चांदी मिसळतात. चोवीस भागांत बावीस भाग सोनं असलं की बावीस कॅरेट. त्यालाच दुकानात नऊशे सोळा म्हणतात, कारण हजारात नऊशे सोळा भाग सोनं. अठरा कॅरेट म्हणजे पाऊण सोनं. आता नव्या दागिन्यावर हॉलमार्कचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षरांचा एक क्रमांक कोरलेला असतो, तो भिंगातून बघूनच घ्या. जुन्या दागिन्यावर यातलं काहीच नसतं, तिथे सोनाराचा शब्द आणि आपला विश्वास. आणि लक्षात ठेवा, मशीन फक्त वरचा पापुद्रा बघतं. आत लाख आहे की पितळ, हे त्याला विचारू नका.

"सगळे मणी बघाल का?" मी विचारलं.

"पाच-सहा बघते. सगळे बघत बसलं तर मागचं गिऱ्हाईक पळून जातंय."

तिनं मधले सहा मणी एकामागून एक मशीनखाली धरले. शंभरातले आकडे आले: एक्क्याण्णव, नव्वद पूर्णांक काहीतरी, परत एक्क्याण्णव. "बावीस धरा ताई. जुनं सोनं हाय, लई भारी."

सोनं खरं निघाल्यावर इतकं वाईट वाटलेली त्या दुकानातली मी पहिलीच बाई असेन. म्हणजे मावशीला पितळ आलं आणि आईला सोनं. म्हणजे आई लग्नाला जाणार नाही. म्हणजे मावशी जे इतकी वर्षं बोलते ते खरं, आणि माझी आई, जी भाजीवाल्यानं दोन रुपये जास्त परत दिले तर चौकापर्यंत मागे जाते, ती चोर. मी दुकानाबाहेरच्या पायरीवर बसले. रडू येत होतं, पण बाजारपेठेत बसून रडायचं मला जमत नाही.

समोर बांगड्यांचं दुकान होतं. काचेत "एक ग्रॅम" म्हणतात ते सगळे सोन्याच्या मुलाम्याचे दागिने टांगलेले. त्यात बोरमाळाही.

आता इथे तुम्ही मला नावं ठेवणार, ठेवा. मी विचार केला, मावशीला पितळ बघायचंय ना? तर तिला पितळ दाखवू. दोघींच्या वाट्याला पितळ आलं असं कळलं, की भांडण कशाचं? मावशी पुण्याला येईल, पाय धरेल, आई लग्नाला जाईल. खरी माळ बरणीत राहील आणि सगळे जिलेबी खातील. चारशे पन्नास रुपयांत दोन बहिणी जुळत असतील, तर महाग नाही.

"काळं पडतं का हे?" मी दुकानदाराला विचारलं.

"सहा महिने गॅरंटी. पडलं तर घेऊन या."

"बदलून देता?"

"न्हाई. बघतो."

दुसरा दिवस, संध्याकाळ

अंबाजोगाईहून घाटनांदूरला एसटी आहे, जीपही मिळते. जीपमध्ये चौथ्या माणसानंतर मोजू नका. घाटनांदुरात उतरल्यावर मावशीच्या संस्थेचा दुधाचा टेम्पो मला न्यायला आला होता. रिकाम्या कॅनच्या मधोमध बसून मी गावात शिरले.

दूध संकलनाची वेळ होती. बायका किटल्या घेऊन रांगेत उभ्या, आणि आत फॅटच्या मशीनमागे शकूमावशी चष्मा नाकावर ओढून बसलेली. प्रत्येक किटलीतून चमचाभर दूध, मशीनमध्ये, आकडा, पुढची. माझ्याकडे बघून तिनं नुसती मान हलवली आणि पुढची किटली घेतली.

"मावशी, दुष्काळात दूध कसं असतं गं?" मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"लई घट आसतंय. घालाया पाणीच न्हाई."

रांगेतल्या सगळ्या बायका हसल्या. एक सोडून. तिच्या किटलीचा आकडा बघून मावशी म्हणाली, "सुमन, तुज्या म्हशीनं टँकर गाठला वाटतं."

घरी पाणी मागितलं तर मावशी म्हणाली, "दूध माग, दूध हाय." दूध प्यायले. पूजा, म्हणजे मावशीची मुलगी आणि नवरी, हळदीच्या साड्या मोजत होती. ती अंबाजोगाईला नर्स आहे आणि आईसारखीच स्पष्ट आहे. मावशीनं हात पुसले आणि माझ्यासमोर बसली.

"काड."

मी एक ग्रॅमवाली माळ काढून दिली. चेहरा शक्य तितका साधा ठेवला.

मावशीनं ती बघितलीही नाही. आधी ट्रंक उघडली, बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून तिचे मणी काढले. दोन तुकडे होते, एक लहान, एक थोडा मोठा, जुन्या काळ्या दोऱ्यात ओवलेले. ते तिनं मांडीवर ठेवले. मग माझी माळ हातात घेऊन एकेक मणी अंगठ्याखालून सरकवायला लागली. मला वाटलं, जप करतेय.

"एकतीस, बत्तीस, तेहतीस." ती थांबली. "मंजे, तुज्या आईच्या वाट्याला एकवीस आल्ते. बाकीचे बारा पुण्यात पिकले का?"

मणी मोजायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी दुकानात गॅरंटी विचारत बसले होते.

पूजा इतकी हसली की साड्यांची चळत पडली. मावशी हसली नाही. तिनं हात पुढे केला, तसाच, बसमधल्या बाईंनी मेतकुटासाठी केला होता तसा. मी बरणी काढली, चमच्यानं उकरून खरी माळ काढली आणि तिच्या हातावर ठेवली. अंबाजोगाईचं मशीन, एक्क्याण्णवचा आकडा, सगळं सांगून टाकलं. खोटं बोलायची माझी लायकी नाही, हे सिद्धच झालं होतं.

मावशी पदरानं एकेक मणी पुसत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी खरंच."

"मावशी..."

"आगं सोन्याचं न्हाई वाटत मला. पाच महिने दुसऱ्याच्या गोठ्यात शेण काढलं, भाग भरला, आज चेअरमन हाय. पर त्या दिशी पाच बाया बघत होत्या मंजे. सोनार म्हणला पितळ हाय, आन् त्या पाची जणी माज्याकडं आशा बघाया लागल्या, जसं मीच त्येला फशिवते हाय." तिनं चष्मा काढून डोळे पुसले. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला आईचा भयंकर राग आला.

तेव्हा पूजा बोलली. "आई, त्या सोनारानं किती मणी घासलते?"

"येक."

"एका मण्यावरून एकवीसचा निकाल? आन् मंजूताईच्या मशीननं सहा बघितले, एकवीसचा निकाल. डेअरीत तू असं करतीस का? एका सुमनच्या किटलीवरून अख्ख्या गावचं दूध माघारी धाडतीस का?"

मावशीनं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चष्मा लावला. "उद्या घाटनांदूरला जायचं," म्हणाली. "आईच्या सोनाराकडं."

इतकी वर्षं ती आजीच्या त्या सोनाराकडे कधीच गेली नव्हती. घाटनांदूर तिचं माहेर, आणि माहेरची लाज माहेरच्याच बाजारात कोण काढणार, म्हणून.

तिसरा दिवस

वामनकाका सोनारांचं वय ऐंशीच्या घरात. पुढे मुलाचं काचेचं दुकान, एसी, मशीन, खुर्च्या. मागच्या खोलीत काका गादीवर, समोर काळा कसोटीचा दगड आणि तेजाबाच्या दोन बाटल्या. त्यांनी मावशीला ओळखलं. तिच्या आईचं नाव घेऊन "बस गं बाय" म्हणाले.

पद्धत सोपी आहे. मणी दगडावर घासायचा, रेघ उमटते. रेघेवर तेजाबाचा थेंब. सोनं असेल तर रेघ राहते, पितळ असेल तर उकळी येऊन रेघ पुसली जाते. मुलामा दिलेला मणी असेल तर जरा जोरात घासायचा, म्हणजे वरचा रंग सुटून आतलं बोलायला लागतं. मावशीनं सांगितलं, "समदे घासा. बेचाळीस." काकांनी तिच्याकडे कौतुकानं बघितलं आणि बाह्या सावरल्या.

तास लागला. एकेक रेघ उमटत होती आणि मावशी डेअरीत बसते तशीच बसली होती, पाठ ताठ. आईच्या माळेतले वीस मणी सोन्याचे निघाले. एकविसावा, अगदी टोकाचा, पितळी. मावशीच्या लहान तुकड्यातले दहाच्या दहा पितळी. मोठ्या तुकड्यात अकरा, त्यातले नऊ पितळी. आणि शेवटचे दोन घासले, तर रेघ तशीच राहिली.

"हे सोनं हाय गं," काका म्हणाले.

"कुणाचं?" मावशीला कळेचना.

"तुजंच की. तुज्या डब्यातलं."

एवढी वर्षं बिस्किटाच्या डब्यात तिचं दोन मण्यांचं सोनं पडून होतं आणि तिला पत्ता नव्हता. मावशी त्या दोन मण्यांकडे बघतच राहिली. काका मात्र काहीतरी वेगळंच बघत होते. त्यांनी तिन्ही तुकडे पांढऱ्या फडक्यावर मांडले, इकडचा तिकडे केला, भिंग लावलं. "शकू, वाटणी करताना माळ मधून कापली का?"

"न्हाई. आक्का म्हणली मधला सलग तुकडा मला द्या, मामानं दिला. दोन्ही टोकं मला. येक दहाचं, येक अकराचं. मोजून बराबर."

काका हसायला लागले ते खोकला येईपर्यंत. "मोजलं बराबर गं, कापलं चुकीचं. हे बग." त्यांनी मावशीच्या दोन्ही तुकड्यांची बाहेरची टोकं दाखवली. तिथले मणी काळपट, खोबरेल मुरलेले. "हे मानंमागचे. हितं आकडा असतो, हितं केसाचं तेल लागतं. आन् वर पदर. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या दुकानात ह्याला नावच होतं, पदराखालचे मणी. बाया यायच्या, मानंमागचे दोन मणी मोडायच्या, त्या जागी माझा बाप पितळेचे मुलामा दिलेले घालून द्यायचा. पुढून माळ तशीच. म्हाताऱ्याला न्हाई, सासूला न्हाई, कुणाला पत्ता न्हाई. घरात ज्वारी आली, कुठून आली कोण इचारतंय? निम्म्या गावाच्या बायांनी केलं हे. तुज्या आईनं बी."

फडक्यावर आता अख्खी माळ दिसत होती. मानेमागून दोन्ही बाजूंनी पितळ पुढे सरकत आलं होतं, एका बाजूनं अकरा, दुसऱ्या बाजूनं नऊ. त्या वर्षी पाऊस थोडा आणखी लांबला असता, तर गळ्याच्या पुढेही पितळच आलं असतं. मला एकदम हलकं वाटलं. आई सुटली, मावशी सुटली. कुणीच कुणाला फसवलं नव्हतं. एका न्यायी माणसानं मोजून वाटणी केली होती, बस.

"दर बाजारी यायची तुजी आई," काका सांगत होते. "दोन मणी. संगं थोरली पोरगी असायची. मणी त्या पोरीच्याच मुठीत..."

"काका, चहा सांगा आदी," मावशी मधेच म्हणाली. "घसा वाळला."

चहा आला. मावशीनं काकांना सांगून बेचाळीस मणी परत एका दोऱ्यात ओवून घेतले, होते त्याच क्रमानं, पितळ मागे आणि सोनं पुढे. ही माळ पूजा लग्नात घालणार. मजुरी काकांनी पन्नास रुपये घेतली. म्हणाले, मशीनला शंभर घ्यावे लागतात, त्याला एसी लागतो. निघताना मावशी मला म्हणाली, "आक्काला म्हणावं, ये." पाय धरण्याचं काही बोलली नाही. मीही आठवण करून दिली नाही.

घरी

परतीच्या बसमध्ये मी एक ग्रॅमवाली माळ गळ्यात घातली होती. गॅरंटी सहा महिन्यांची होती, पण नगर यायच्या आत माझ्या गळ्यावर हिरवी रेघ उमटली.

दार उघडल्या उघडल्या आईनं विचारलं, "मशीनवर घातलीस?"

मी सगळं सांगितलं. वामनकाका, पदराखालचे मणी, मामाची वाटणी. मला वाटलं, आई आनंदानं उठेल. आई खुर्चीत बसून राहिली. मग म्हणाली, "मला ठाऊक व्हतं."

चाळीस वर्षं पुण्यात राहून आईच्या बोलण्यातून घाटनांदूर पार गेलं होतं. त्या दिवशी ते परत आलं.

"अकरा वर्षांची व्हते मी. आई मणी माझ्या मुठीत द्यायची, म्हणायची, घट्ट धर, कुणाला दावू नगस. शकू ल्हान व्हती, तिला काय ठाऊक. मामा माळ मधून कापाया लागला, तवा मीच म्हणले, मला मधला तुकडा द्या." ती तिच्या उजव्या हाताकडे बघत होती. "दर साली वाटायचं, सांगावं. मंग ती चोर म्हणली. खोटं बोलली असती तर मला येवढा राग आलाच नसता."

मला तिचा राग येत होता आणि कीवही येत होती, आणि दोन्ही एकाच वेळी आलं की माणसानं काय करायचं, ते मला माहीत नाही. आईनं स्वतःच फोन उचलला आणि मावशीचा नंबर पाठ असल्यासारखा लावला. मी तिच्या हातून घेऊन स्पीकर चालू केला.

"शकू, मी बोलते."

पलीकडे किटल्यांचा आवाज. मग तोही थांबला.

"शकू, मधला तुकडा मी मुद्दाम मागितला व्हता. मला ठाऊक व्हतं."

"मला बी ठाऊक हाय," मावशी म्हणाली. "परवा काका मुठीचं बोलले, तवाच कळलं. मंजीच्या म्होरं नको म्हणून चहा सांगितला."

आईनं विचारलं, "मंग बोलावलंस कशाला?"

"आगं, त्या मुठीतनं घरात ज्वारी आली, ती मी बी खाल्ली की. तू अकराची व्हतीस, मी आठाची. तुज्यावर मला लई राग हाय आक्का, त्यो काय फोनवर जायचा न्हाई. तू ये. हळदीला ये. आन् भांडायचं आसंल तर एक दिस आदी ये."

फोन ठेवल्यावर आईनं पदरानं डोळे पुसले, गुडघा धरून उठली आणि कपाटातून प्रवासाची पिशवी काढली.

"मंजू," ती म्हणाली, "दोन दिवस आधीचं तिकीट काढ."